दानातल्या संगणकाचे दात

कार्यालयातला संगणक बहुधा बिघडतो म्हणून निघत नाही. हिशेबाच्या वहीत त्याची किंमत संपते म्हणून निघतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात डेस्कटॉप आणि लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरलेले आहे, सर्व्हरचे सहा. वॉरंटीही साधारण तेवढीच असते. तीन-चार वर्षे झाली की मोठ्या कंपन्यांत नवा लॉट येतो आणि जुना स्टोअररूममध्ये रचला जातो. त्यातली बहुतेक यंत्रे आदल्या संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी टेबलावर बिनतक्रार चालू असतात. घरातही थोड्याफार फरकाने हेच घडते. नवा लॅपटॉप आला की जुना आधी कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातो, मग माळ्यावर, आणि काही वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या काट्यावर. तिथे त्याचा भाव किलोवर ठरतो.

कपाट आणि काटा यांच्या मधल्या काळात त्या यंत्राला पुन्हा कामाला लावण्याच्या उद्योगाला नूतनीकरण म्हणतात. बाजारात त्याला सरसकट ‘रिफर्बिश’ करणे म्हणतात. दुरुस्तीपेक्षा ही गोष्ट थोडी व्यापक आहे. दुरुस्ती करणारा बिघडलेला भाग बदलून यंत्र मालकाला परत देतो. नूतनीकरणात यंत्र एका मालकाकडून निघून दुसऱ्याकडे जायचे असते, म्हणून त्यातली आधीची माहिती पुसावी लागते, प्रत्येक भाग तपासावा लागतो, कमजोर भाग बदलावे लागतात, नवी प्रणाली टाकावी लागते आणि ‘हे एवढी वर्षे चालेल’ अशी काही हमी द्यावी लागते. पुनर्चक्रण म्हणजे याच्या पुढचा, शेवटचा टप्पा. त्यात यंत्र यंत्र म्हणून उरत नाही; तांबे, ॲल्युमिनियम, सोने, प्लास्टिक असे काय काय सुटे होऊन निघते.

हा क्रम का पाळायचा, याचे उत्तर संगणक तयार होतो तिथे मिळते. संयुक्त राष्ट्र विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ च्या सुमारास एक हिशेब मांडला होता. सतरा इंची जुन्या धाटणीचा मॉनिटर धरून एक डेस्कटॉप बनवायला किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि दीड हजार किलो पाणी लागते, असे त्यात निघाले. संगणकाच्या सगळ्या आयुष्यात जी ऊर्जा खर्च होते, तिच्यातली ८१ टक्के तो दुकानात येण्याआधीच संपलेली असते, असेही त्यांनी दाखवले. फ्रिजचे याच्या उलट असते. फ्रिज वर्षानुवर्षे रात्रंदिवस वीज खातो, त्यामुळे पंधरा वर्षांचा जुना फ्रिज काढून नवा घेणे काही वेळा पर्यावरणाच्याही फायद्याचे ठरते. संगणकाचा खर्च जन्माच्या वेळीच होऊन जातो. त्यानंतर तो मॉनिटर गेला, सपाट पडदे आले, लॅपटॉप आले, आकडेही बदलले. पण निर्मितीकडे झुकलेले पारडे आजही तिकडेच आहे. म्हणून चालू स्थितीतला लॅपटॉप चौथ्या वर्षी फोडून त्यातले सोने काढणे हा तोट्याचा धंदा आहे. चिप घडवण्यासाठी जे काही खर्ची पडले, ते भट्टीतून परत मिळत नाही.

आणि भट्टीपर्यंत तरी किती माल पोहोचतो? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन प्रक्रिया झाल्याची नोंद असलेला भाग फक्त २२.३ टक्के होता. त्याच अहवालात भारताच्या नावावर ४१ लाख टन आहेत. चीन आणि अमेरिका यांच्या खालोखाल. भारतातला मोठा वाटा अजूनही अनौपचारिक हातांतून जातो. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये यंत्रे सुटी होतात, मुरादाबादमध्ये सर्किट बोर्डांवरून तांबे आणि सोने काढले जाते. त्यासाठी वायरी जाळणे, बोर्ड ॲसिडमध्ये बुडवणे असले मार्ग वापरले जातात. जुन्या बोर्डांच्या डाकात शिसे असते, जुन्या एलसीडी पडद्यांमागच्या नळ्यांत पारा असतो. उघड्या हातांनी हे काम करणाऱ्या माणसांना त्याची किंमत शरीराने मोजावी लागते.

एकीकडे हा ढीग असताना दुसरीकडे संगणकाचा दुष्काळ आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण भागात ४.४ टक्के आणि शहरी भागात २३.४ टक्के घरांत संगणक होता. त्यात टॅब्लेटही धरलेले होते. २०२४-२५ च्या शालेय आकडेवारीप्रमाणे देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणकाची सोय आहे. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक शाळांत नाही. फोन घरोघरी पोहोचला, त्यामुळे हा प्रश्न मिटला असे वाटू शकते. तो मिटलेला नाही. फोन पाहायला उत्तम आहे, करायला तोकडा आहे. कारकून-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठीत मिनिटाला तीस किंवा इंग्रजीत चाळीस शब्दांचा वेग लागतो. तो अंगठ्यांनी कमावता येत नाही. २०२३ ची तलाठी भरतीची परीक्षा संगणकावर झाली आणि तिला लाखो उमेदवार बसले. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरला तो परीक्षा केंद्रात, त्याचा पहिला पेपर इतिहास-भूगोलाचा नसतो, माऊसचा असतो. सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मागितले जाते. वर्गात ते तीन महिने शिकायचे आणि घरी सरावाला यंत्र नाही, ही खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुलामुलींची स्थिती आहे. डिजिटल वंचितता हा भारदस्त शब्द प्रत्यक्षात असा दिसतो.

या दुष्काळावर उपाय म्हणून स्वस्तातला नवा संगणक बनवण्याचे प्रयत्न बरेच झाले. निकोलस नेग्रोपाँटी यांच्या ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका एकशिक्षकी शाळेपर्यंत पोहोचले होते. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला तो लॅपटॉप प्रत्यक्षात त्याच्या जवळजवळ दुपटीला पडला. भारत सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ टॅब्लेटचे अनावरण केले. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि बोट जोराने दाबल्याशिवाय न ओळखणारा पडदा घेऊन आलेले ते यंत्र स्वस्त होते, पण कामाचे नव्हते. याच काळात महानगरांतल्या कार्यालयांतून त्याच्या अनेक पट ताकदीची यंत्रे दरवर्षी भंगारात निघत होती. स्वस्त नव्या यंत्रापेक्षा चांगले जुने यंत्र बरे, हे शेतकऱ्याला ट्रॅक्टर घेताना आणि तरुणाला मोटारसायकल घेताना कळते. धोरण आखणाऱ्यांना ते उशिरा सुचले.

पण जुने यंत्र नुसते उचलून दिले म्हणजे काम झाले असे नाही. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, अशी मराठीतली म्हण आहे. संगणकाच्या बाबतीत ती पाळणे घातक ठरते. कठोपनिषदाची सुरुवातच या प्रश्नाने होते: वाजश्रवस यज्ञात सर्वस्व दान करायला निघतो आणि म्हाताऱ्या, भाकड गाई देतो, ते पाहून त्याच्या मुलाला, नचिकेताला, राहवत नाही. शाळेच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली धूळ खात पडलेले दानाचे संगणक त्याच जातीचे असतात. बंद पडलेले यंत्र शाळेला देणे म्हणजे आपला ई-कचरा अशा जागी ढकलणे, जिथे त्याची विल्हेवाट लावायला ना पैसा आहे ना माणूस. देणाऱ्याचे कपाट रिकामे होते आणि घेणाऱ्याचे भरते, एवढाच व्यवहार होतो.

दात मोजण्याचे काम कार्यशाळेत होते. आलेल्या प्रत्येक यंत्राला आधी क्रमांक चिकटवला जातो, मग ते चालू करून पाहिले जाते. लगेच चालणारी यंत्रे बाजूला निघतात, थोड्या खर्चात उठतील अशी दुसरीकडे, आणि ज्यांचा मदरबोर्ड गेला आहे ती सुट्या भागांसाठी. या तिसऱ्या ढिगाला दुकानात ‘डेड’ म्हणतात, पण त्याच्यावरच इतरांचे प्राण अवलंबून असतात. एकाच मॉडेलची यंत्रे लॉटने येतात तेव्हा एकाचा पडदा, दुसऱ्याचा कीबोर्ड आणि तिसऱ्याची बिजागरी एकत्र होऊन एक धडधाकट लॅपटॉप उभा राहतो. म्हणून जाणकार संस्था दहा प्रकारचे दहा लॅपटॉप घेण्यापेक्षा एका प्रकारचे दहा पसंत करतात. घरगुती दानापेक्षा कंपन्यांच्या दानाकडे त्यांचा ओढा असतो तो यामुळे.

बिघाड पुष्कळदा हास्यास्पद असतो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपतो. मग दर वेळी वीज गेली की संगणकाची तारीख दहा-बारा वर्षे मागे जाते. आता, प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक डिजिटल प्रमाणपत्र असते आणि त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. २०१२ सालात जगणाऱ्या संगणकाला आजचे प्रमाणपत्र भविष्यातले वाटते आणि तो ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ म्हणून दार लावून घेतो. बँक उघडत नाही, मेल उघडत नाही, सरकारी अर्ज उघडत नाही. ‘याच्यावर इंटरनेट चालत नाही’ असा शिक्का मारून असे संगणक अडगळीत टाकले जातात. सेल वडापाव-चहाच्या किमतीत येतो आणि बदलायला दोन मिनिटे लागतात.

‘फार स्लो झालाय’ ही दुसरी नेहमीची तक्रार. झाकण उघडले की पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीत धुळीचा नमद्यासारखा थर असतो. प्रोसेसर आणि त्याच्यावरची धातूची पट्टी यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, ती वाळून चुन्यासारखी झालेली असते. उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. ब्लोअर मारून धूळ काढायची, जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसायची, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावायची. यंत्र थंड होते आणि पूर्वीच्या वेगाने चालू लागते. त्याच्या जोडीला फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि मेमरी चार जीबीची आठ केली, तर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेणारा लॅपटॉप पंधरा-वीस सेकंदांत उभा राहतो. सगळ्या नूतनीकरणात खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फळ देणारा बदल हाच आहे.

सगळेच दोष असे गरीब नसतात. फुगलेली लिथियम बॅटरी टचपॅडला खालून उचलू लागलेली असेल, तर ती तत्काळ काढून वेगळी ठेवावी लागते; तिला टोचले किंवा दाबले तर आग लागते. वरच्या टोकाला फुगलेले कपॅसिटर म्हणजे बोर्ड लवकरच जाणार याची सूचना. काही दोष वरवर दिसतच नाहीत, म्हणून मेमरीची तपासणी रात्रभर लावून ठेवतात आणि डिस्कने स्वतःच ठेवलेली खराब जागांची नोंद वाचतात. बॅटरीने नवेपणी किती भार धरला असता आणि आता किती धरते, हे आकडे लॅपटॉप स्वतः सांगतो. निम्म्याच्या खाली गेलेली बॅटरी बदलण्याचा खर्च करावा की यंत्र भिंतीला जोडूनच वापरावे, हा निर्णय ते कुठे जाणार आहे यावर ठरतो.

दान देणाऱ्याला यापेक्षा वेगळी धास्ती असते. लॅपटॉपमध्ये घरचे फोटो, बँकेची कागदपत्रे, कंपनीचे ग्राहक असे सारे असते. फाइल डिलीट केली, किंवा झटपट फॉरमॅट मारला, तरी ती माहिती जात नाही. सातबाऱ्यावरचे नाव खोडले म्हणून शेतातले पीक नाहीसे होत नाही, तसेच हे आहे. अमुक फाइल कुठे ठेवली याची फक्त नोंद खोडली जाते. मूळ मजकूर त्याच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जागच्या जागी असतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर एकदा सर्वत्र नवी माहिती लिहिली की काम होते. सात-सात वेळा लिहिण्याचा जुना आग्रह आता तज्ज्ञ धरत नाहीत. एसएसडीची गोष्ट वेगळी. तिच्यातल्या पेशी समान झिजाव्यात म्हणून ती माहिती सतत इकडून तिकडे हलवत असते, त्यामुळे वरून लिहिलेले सगळीकडे पोहोचेलच असे नाही. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली पुसण्याची आज्ञा वापरतात, किंवा माहिती सांकेतिक स्वरूपात असेल तर तिची किल्लीच नष्ट करतात. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेची, एनआयएसटीची, या विषयावरची मार्गदर्शिका जगभर प्रमाण मानली जाते. चांगली संस्था प्रत्येक डिस्कच्या क्रमांकासह पुसल्याचे प्रमाणपत्र देते. त्यावरही विश्वास नसलेल्या कंपन्या डिस्क काढून घेतात आणि तिला ड्रिलने भोक पाडून मगच उरलेले यंत्र देतात. त्यात बिघडत काही नाही. ती डिस्क बहुधा बदलायचीच होती.

यंत्र तयार झाले की त्यात काय टाकायचे हा प्रश्न येतो, आणि तो हल्ली अधिक टोकदार झाला आहे. विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१७ च्या अखेरीनंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६ चा उत्तम चालणारा, आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप एका नियमाने बाद. कॅनालिस या बाजारपाहणी संस्थेने अशा बाद होऊ शकणाऱ्या संगणकांचा अंदाज २४ कोटी असा केला होता. यंत्र झिजण्याआधी सॉफ्टवेअर त्याला म्हातारे ठरवते, ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी उधळपट्टी म्हटली पाहिजे.

त्यातून बाहेर पडण्याची वाट आहे ती मुक्त प्रणालींची. उबंटू, लिनक्स मिंट अशा प्रणाली फुकट मिळतात, त्यांना सुरक्षेच्या सुधारणा मिळत राहतात आणि मराठी त्यांत टंकता येते. ‘सगळीकडे विंडोज असताना पोरांना लिनक्स कशाला’ हा आक्षेप शिक्षक आणि पालक दोघेही घेतात. केरळचा अनुभव त्याला उत्तर देतो: तिथल्या सरकारी शाळांतले संगणक शिक्षण गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच चालू आहे आणि त्यासाठी राज्याने आपल्या शाळांपुरती वेगळी आवृत्ती बनवली आहे. आक्षेपात तथ्य उरते ते एवढेच, की ज्या ठरावीक अभ्यासक्रमांची परीक्षा विंडोजवर होते त्यांच्या सरावाला विंडोज लागते. तेव्हा दानाच्या लॉटमधली नवी यंत्रे त्यांच्यासाठी राखणे शहाणपणाचे. जिथे इंटरनेट नाही तिथे ‘किविक्स’ या सॉफ्टवेअरवरून अख्खा विकिपीडिया आणि ‘कोलिब्री’वरून धडे डिस्कवर भरून देता येतात. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात, तीही सोबत जातात.

एका अडथळ्यावर मात्र कारागिराची कला चालत नाही. यंत्र जुन्या मालकाच्या खात्याला बांधलेले असेल, किंवा कंपनीने दूरवरून लावलेले कुलूप काढायला कोणी विसरले असेल, तर निर्दोष लॅपटॉप किंवा आयपॅड नुसती पाटी होऊन बसतो. चोरी थांबवण्यासाठी केलेली ही व्यवस्था दानाच्याही आड येते. कुलूप काढायला देणाऱ्याला पाच मिनिटे लागतात. घेणाऱ्याला ते काढताच येत नाही.

या कामाभोवती जगात काही लक्षणीय संस्था उभ्या राहिल्या. अमेरिकेत पोर्टलंड शहरात २००० साली ‘फ्री गीक’ सुरू झाली. तिने दान घेणारा आणि काम करणारा यांच्यातली भिंतच काढली. एकूण चोवीस तास स्वयंसेवा करा आणि एक संगणक घरी न्या, अशी तिची योजना होती. दुसऱ्या योजनेत जोडणी शिकणारा माणूस पाच संगणक संस्थेसाठी जोडायचा आणि सहावा स्वतःचा म्हणून न्यायचा. ज्याने यंत्र स्वतः जोडले, तो ते बिघडल्यावर कोपऱ्यात टाकत नाही. लंडनची ‘कॉम्प्युटर एड’ गेली पंचवीसहून अधिक वर्षे ब्रिटनमधल्या कंपन्यांचे संगणक नीट करून आफ्रिका आणि इतरत्र पाठवते. पुण्यात ‘पूर्णम इकोव्हिजन’ ही संस्था ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमा घेते आणि त्यातले चालण्याजोगे संगणक दुरुस्त करून शाळांना देते.

भारतात याहून कितीतरी मोठी यंत्रणा आधीपासून आहे. तिला कोणी समाजसेवा म्हणत नाही. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पुण्यातली तपकीर गल्ली, बंगळूरचा एस. पी. रोड: इथल्या दहा बाय दहाच्या दुकानांत सूक्ष्मदर्शकाखाली बोर्डावरची एकेक चिप बदलणारे कारागीर बसतात. कंपन्यांचा जुना माल लिलावाने याच बाजारात उतरतो. एखाद्या कंपनीला तो शाळेला द्यावासा वाटला, तरी सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, खात्यात वस्तूची किंमत लावून तो दाखवता येत नाही, असा कंपनी व्यवहार मंत्रालयाचा खुलासा आहे. लिलावात मात्र रोख रक्कम येते. तेव्हा दानासाठी बाहेर पडणारा माल मुळातच थोडा असतो. हे कारागीर आणि दान गोळा करणाऱ्या संस्था यांची गाठ जिथे पडते, तिथे कामाचा दर्जा उंचावतो. निव्वळ उत्साही स्वयंसेवकांच्या बळावर बोर्ड दुरुस्त होत नाहीत.

कायद्यातही आता या धंद्याला नाव मिळाले आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये उत्पादक आणि पुनर्चक्रण करणारे यांच्या जोडीला नूतनीकरण करणाराही आहे. त्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची, दुरुस्तीत निघालेला कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रालाच द्यायचा आणि हिशेब भरायचा. उत्पादक कंपन्यांवर विकलेल्या मालाच्या प्रमाणात पुनर्चक्रण करवून घेण्याची सक्ती आहे. त्यांनी नूतनीकरणाची प्रमाणपत्रे विकत घेतली तर तेवढी जबाबदारी पुढे ढकलली जाते, आणि यंत्राचे वाढीव आयुष्य संपल्यावर ती पूर्ण नव्हे, ७५ टक्केच मोजली जाते. यंत्र जास्त चालवण्याला पैशाचे मोल लावणारी ही तरतूद चांगली आहे. वर्षात किमान हजार उपकरणे वापरणाऱ्या मोठ्या ग्राहकांनी आपला ई-कचरा नोंदणी असलेल्यांनाच द्यायचा, असाही नियम आहे. छोट्या संस्थांची अडचण इथे होते. चालू संगणक ही वस्तू आहे आणि बंद संगणक हा कचरा; स्टोअररूममधून उचलताना त्यातला कोणता कुठला, हे अजून कोणालाच ठाऊक नसते.

यंत्र शाळेत पोहोचल्यावर वीज हा पहिला परीक्षक. बिल थकले म्हणून वीज तोडलेल्या जिल्हा परिषद शाळांच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत, आणि भारनियमन आहेच. डेस्कटॉप आणि त्याचा पडदा मिळून शंभर वॅटच्या आसपास वीज घेतात, लॅपटॉप त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात भागवतो आणि वीज गेली तरी काही वेळ चालतो. म्हणून खेड्यासाठी पाच वर्षांचा लॅपटॉप तीन वर्षांच्या डेस्कटॉपपेक्षा बरा. दुसरा परीक्षक म्हणजे कुलूप. संगणक खराब होईल म्हणून मुलांना हात लावू न देणारी शाळा आणि संगणक नसलेली शाळा यांत मुलाच्या दृष्टीने फरक नसतो. एखादा शिक्षक प्रशिक्षित असेल आणि बिघाड झाल्यावर फोन करायला एक माणूस असेल, तर यंत्रे टिकतात. देणाऱ्या संस्था यावर यंत्राइतका खर्च करत नाहीत, ही त्यांच्यावरची रास्त टीका आहे.

शेवटी तेही यंत्र थकते. नूतनीकरणाने कचरा नाहीसा होत नाही, चार-पाच वर्षे लांबतो. आणि तो आता शहरातल्या केंद्रापासून दूर, एखाद्या वाडीवर तयार होतो. घानाची राजधानी अक्रा इथल्या आग्बोग्ब्लोशीच्या भंगार वस्तीने, जी जुलै २०२१ मध्ये पाडली गेली, हा धोका जगाला दाखवला होता. ‘वापरलेला माल’ अशी चिठ्ठी लावून श्रीमंत देशांतून आलेल्या कंटेनरांत बंद यंत्रेही भरलेली असत. घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवरच्या बाझल करारात दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०२५ पासून सर्व प्रकारच्या ई-कचऱ्याच्या निर्यातीला घेणाऱ्या देशाची पूर्वसंमती लागते. देशाच्या आत, शहरातून खेड्याकडे जाणाऱ्या मालाला असा कोणताही करार लागू नाही. तिथे संस्थेचा शब्दच चालतो: दिलेले यंत्र थकले की ते परत नेऊ, हे लिहून देणाऱ्या संस्थेलाच यंत्र द्यावे.

देण्याचा विचार असेल तर माळ्यावर टाकण्याआधी द्यावे. माळ्यावरच्या तीन वर्षांत बॅटरी मरते आणि प्रणाली जुनी होते. खात्यांतून बाहेर पडावे, पासवर्ड काढावेत, बिघाड ठाऊक असेल तो चिठ्ठीवर लिहावा. चार्जर न विसरता त्याच पिशवीत ठेवावा. प्रत्येक कंपनीची पिन वेगळी असते, काही लॅपटॉप तर परका चार्जर ओळखून बॅटरी भरायलाच नकार देतात, आणि चार्जरवाचून अडून बसलेल्या लॅपटॉपांची एक वेगळी रांग प्रत्येक कार्यशाळेत असते.